काली पाचवी

माझा मोठा मामा पाचवीत नापास झाला होता, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती. कोणी त्याला विचारलं, "लढायेत खंय होतास रे तू?" की तो विडी विझवायचा आणि एवढंच म्हणायचा, "काली पाचवी." पुढे काही नाही. पेन तो मुठीत धरायचा, पेन्शनच्या कागदावर सही करायला त्याला पाच मिनिटं लागायची. तेव्हा माझा हिशोब पक्का झाला होता.

काली पाचवी म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, हे मला पुष्कळ पुढे कळलं. ती मूळची १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ च्या फेररचनेत ती नव्या पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. कागदावर नाव बदललं, जवानांच्या तोंडी जुनंच राहिलं. मामा आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेला, भरती झाला आणि पुढे बोटीत बसला. १९४५ साली परत आला. त्यातली तीन वर्षं तो लढाईत नव्हता, कैदेत होता. घरात ही गोष्ट कोणी लपवली नाही, कोणी सांगितलीही नाही. शेजारच्या वाडीत पदक मिळालेला एक हवालदार होता. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावणं त्याला यायचं.

मामाच्या लढाईच्या दोनच खुणा आमच्या वाट्याला आल्या. एक म्हणजे नारळ मोजण्याची त्याची पद्धत. पाडप झाली की खळ्यात बसून तो नारळ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला टाकायचा आणि मोजायचा, "उनो, दुए, त्रे, क्वात्रो, चिंक्वे." पाच झाले की एक खडा बाजूला आणि पुन्हा उनो. आम्ही पोरं मागून ओरडायचो, तो हसायचा. दुसरी खूण म्हणजे चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत त्याला मी एकदा विचारलेला प्रश्न. वाळवंट म्हणजे असंच काय रे? तो म्हणाला, "रेव खंयची! थंय सगळे धोंडे. आणि पाणी मोजून."

मामा १९८४ साली गेला. मी तेव्हा मालवाहू बोटीवर होतो.

१९८९ मध्ये आमची बोट कोळसा भरायला बाल्टिमोरला लागली. धक्का मिळायला उशीर होता, म्हणून गावात फिरलो आणि खेळांच्या एका दुकानात शिरलो. तिथे कळलं की ॲव्हलॉन हिल नावाची युद्धखेळ छापणारी कंपनी ह्याच शहरातली. 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हा त्यांचा खेळ १९८५ साली आलेला. नियमांचं पुस्तक म्हणजे कडीच्या फाइलमध्ये अडकवलेल्या पानांचं बाड, आमच्या बोटीच्या मॅन्युअलांसारखंच. त्याची एक पुरवणी १९८८ ची, 'वेस्ट ऑफ अलामेन'. ब्रिटिश सैन्याच्या सोंगट्या आणि वाळवंटाचे पाच पट. नियमावलीतलं वाळवंटाचं प्रकरण तिथेच उभ्याने चाळताना मी एका ठिकाणी थांबलो. वाळू तिथे अपवाद होती. पटावर वाळू हवी तर वेगळा तुकडा ठेवावा लागे. साधी जमीन सपाट, टणक. तिच्यावर झुडपं, कोरडे ओहोळ आणि दगडगोट्यांचं पठार, ज्याला अरबी नाव हम्मादा. मामा बरोबर बोलला होता. खिशातल्या डॉलरांचा हिशोब न करता मी खोकं घेतलं.

खेळ दोघांचा. पण बोटीवर दुसरा कोण मिळणार? मेसमध्ये कॅरम आणि रमी. मी सेकंड ऑफिसर, माझी वॉच बारा ते चार, दिवसाही आणि रात्रीही. पहाटे चारला उतरल्यावर झोप येत नसे. पत्त्यांचा पेशन्स लावतात तसा मी हा खेळ एकट्याने लावायला लागलो. नांगरावर असलो तरच, कारण बोट डोलली की सगळं सैन्य मांडीवर यायचं.

खेळाची मोजपट्टी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पटावर षट्कोनी घरं. एक घर म्हणजे चाळीस मीटर. एक सोंगटी म्हणजे आठ-दहा माणसांची तुकडी. तिच्यावर तीन आकडे असतात: गोळीबाराची ताकद, पल्ला आणि मनोबल. साध्या ब्रिटिश तुकडीवर ४-५-७. हिंदी पलटणींना माझ्या खोक्यात स्वतंत्र रंग नव्हता, ब्रिटिश सोंगट्याच वापरायच्या. गोळीबार झाला की दोन फासे टाकायचे. मनोबल सात असेल तर बेरीज सात किंवा कमी यावी लागते. छत्तीसपैकी एकवीस वेळा ती येते. नाही आली तर सोंगटी उलटी करायची. ती माणसं मेली नाहीत, फक्त डोकं खाली घालून पडली आहेत, आता नायकाने त्यांना सावरायचं. दोन्ही बाजूंची एकेक खेळी झाली की एक पाळी संपते. पाळी दोन मिनिटांची. माझा डाव आठ पाळ्यांचा, म्हणजे सोळा मिनिटांची लढाई. ती खेळायला मला चार दिवस लागतात.

एकट्याने खेळताना खरी अडचण आकड्यांची नसते, स्वतःची असते. समोरच्याची तोफ कुठे लपली आहे हे मलाच ठाऊक, कारण मीच ती लपवली. म्हणून मी वर्षानुवर्षं काही शिस्त लावून घेतली. हल्लेखोराच्या तीन योजना आधी लिहून काढायच्या आणि त्यातली एक फाशाने निवडायची. तोफेसाठी चार जागा ठरवायच्या. खरी कोणती, ते रणगाडा टप्प्यात आल्यावर फासा सांगेल. बाजू बदलली की खुर्ची बदलायची, टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसायचं. ह्यात मी आळस केला की डाव बिघडतो, हा अनुभव आहे. एका खुर्चीतून दोन्ही बाजू खेळल्या की मन एकीकडेच झुकतं. आणि फासा जमिनीवर पडला तर पडलेलाच धरायचा. प्रत्येक डावाची नोंद वहीत, बोटीच्या लॉगबुकासारखी.

निवृत्त होऊन मालवणला आलो आणि दुसराच शत्रू भेटला, दमट हवा. जूनमध्ये पुठ्ठ्याच्या सोंगट्या पापडासारख्या वळतात, पटांना कुबट वास येतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी त्या ठेवतो आणि डब्यावर रात्री बल्ब लावतो, वीज असेल तर. पण खेळायला वेळ असतो तो त्याच महिन्यांत. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, बाजारात सुकट आणि सुके बांगडे. कौलांवर पाऊस असा कोसळतो की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. अशात मी पडवीतल्या टेबलावर पिवळे पट जुळवतो. बायको चहा ठेवताना एकदा म्हणाली, "काय ओ, भायर एवढो पावस आणि तुमी हय वाळवंट मांडून बसलास?"

त्या वर्षी मी मांडला होता तोब्रुक. खोक्यातला तयार डाव नव्हे, माझा मीच रचलेला.

तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. इटालियन लोकांनी भोवती अर्धवर्तुळात काँक्रीटची ठाणी बांधलेली, त्यांच्यापुढे रणगाडे अडवणारा चर. १९४१ च्या जानेवारीत ते ब्रिटिशांनी घेतलं. त्याच वर्षी एप्रिलपासून जर्मन सेनापती रोमेलने वेढा घातला. आधी ऑस्ट्रेलियन आणि मग त्यांच्या जागी आलेल्या फौजांनी तो डिसेंबरपर्यंत पेलला. त्या वेढ्याचं कौतुक जगभर झालं. पण १९४२ च्या फेब्रुवारीत तिथल्या सेनापतींनी ठरवलं की आणखी एक वेढा सोसायचा नाही. बंदर जपायला लागणारी जहाजं आणि विमानं त्यांना परवडत नव्हती. म्हणून चराकडे दुर्लक्ष झालं, तो जागोजागी बुजला. पेरलेले सुरुंग मोठ्या संख्येने उचलून पश्चिमेच्या गझाला फळीवर नेले गेले. मग जूनमध्ये गझालाची फळी कोसळली आणि सोसायचा नव्हता तो वेढा दारात आला. आग्नेय बाजूच्या लांबलचक रेषेवर अकरावी हिंदी ब्रिगेड होती: कॅमेरॉन हायलँडर्स, गुरखा आणि काली पाचवी. २० जून १९४२ च्या पहाटे साडेपाचच्या आत-बाहेर विमानांनी बाँब टाकायला सुरुवात केली ती नेमकी मराठ्यांच्या ठाण्यांवर. पाठोपाठ तोफा, मग सुरुंग काढणारे सैनिक, मग रणगाडे. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिकन सेनापती क्लॉपर यांनी शरणागती दिली. तीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली. रोमेल फील्डमार्शल झाला. चर्चिलना बातमी कळली तेव्हा ते वॉशिंग्टनला रूझवेल्टसोबत होते. इंग्रजी इतिहासांत मराठा बटालियनच्या वाट्याला बहुधा एखादं वाक्य येतं: फळी इथे फुटली.

त्या वाक्याची मला कायम बोच होती. खरं सांगायचं तर डाव मी अभ्यासासाठी रचला नव्हता. मला ते वाक्य खोडायचं होतं.

दोन पट जोडले. एका पटाची लांबी तेराशे मीटरच्या आसपास. तीन ठाणी, बारा तुकड्या, दोन-पौंडी रणगाडाविरोधी तोफा दोन. नियमांत एक मजेशीर कलम आहे, सूर्य डोळ्यांवर आला तर नेमबाजीला दंड. पहाटेचा हल्ला, पूर्वेकडून, तेव्हा मी ते लावणार होतो. पण आयुष्यभर सूर्याचे कोन मोजलेला माणूस मी. वीस जून म्हणजे उत्तरायणाचं टोक. बत्तीस अक्षांशावर सूर्य त्या दिवशी पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, साधारण बासष्ट अंशांवर. आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या तो डाव्या हाताला येणार, डोळ्यांसमोर नाही. कलम रद्द. मामाला तेवढी सबबही मिळाली नाही.

धुरळ्याचं कलम मात्र ठेवलं. रणगाडा हलला की मागे धुरळा, आणि धुरळ्यातून नेम धरणं अवघड. घर ते घर दिसतं की नाही हे बघायला पटावर दोरा ताणावा लागतो. मी तंगूस वापरतो, गळाची. ती लोंबत नाही.

पहिला डाव. बाँबहल्ला म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच प्रत्येक तुकडीची मनोबलाची परीक्षा. बारापैकी पाच उलटल्या, अगदी हिशोबाप्रमाणे. पाचव्या पाळीत रणगाडे चराच्या अलीकडे आले. दुसरा डाव, चौथ्या पाळीतच.

तिसऱ्या डावात मी चोरी केली. सहावी पाळी होती, फळी अजून उभी होती. तोफेने रणगाड्यावर नेम धरला आणि फासे टेबलावरून घरंगळून खाली गेले. वाकून पाहिलं, सहा आणि सहा. ह्या खेळात बारा आले की तोफच नादुरुस्त होते. नियम माझाच होता, पडलेलाच धरायचा. पडवीत मी एकटा होतो. मी फासे उचलले आणि परत टाकले. पाच. रणगाडा पेटला, मराठ्यांनी फळी राखली आणि मी वहीत लिहिलं: 'बचाव यशस्वी.'

दोन दिवस ते पान माझ्याने उलटवेना. बोटीच्या लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. तिसऱ्या दिवशी मी तशी रेघ मारली.

चौथा डाव मांडलेला असताना शेजारचा आला. त्याची होडी वर, जाळं विणून झालेलं, वेळच वेळ. टेबलाभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "दोन्ही बाजूंनी तुमीच?"

"मीच."

"म्हणजे भांडान स्वताशीच." त्याने पटावरच्या चराच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ह्यो व्हाळ कसलो?"

"व्हाळ नाही, चर. रणगाडे अडवायला."

"मगे अडयना कशे नाय?"

"बुजला होता. वाऱ्याने माती आणून टाकलेली."

"कोणी उपसूक नाय?"

मी त्याला फेब्रुवारीतला निर्णय सांगितला, सुरुंग उचलून नेल्याचंही सांगितलं. तो ऐकत होता पण बघत होता पटाकडे. मग म्हणाला, "देवबागच्या मुखार बघलास मा? एक वरस लक्ष गेला नाय तर होडी रुतता. रेव कोणाची वाट बघना नाय." जरा थांबून, "मगे ह्येंका कित्याक धरतास? उपसूची पाळी कोणाची होती, ता बघा."

तो गेला. चौथा डाव मी पुरा केलाच नाही.

मी इतकी वर्षं फाशांकडे बघत होतो. अजून एक सात पडता तर, तोफ न बिघडती तर. फासे पडायला लागतात पहिल्या पाळीपासून. पण डावाच्या चिठ्ठीवर त्याआधी एक मजकूर असतो, 'सुरुवातीची मांडणी'. चर कुठे सलग, कुठे बुजलेला. सुरुंग किती. तोफा किती. तो मजकूर मी स्वतः लिहिला होता, पुस्तकांतून जसाच्या तसा, आणि एकदाही त्याच्याकडे आरोपी म्हणून पाहिलं नव्हतं. ती चिठ्ठी फेब्रुवारीत लिहिली गेली होती, नकाशा असलेल्या खोलीत. काली पाचवीच्या जवानांना ती वाचायलाही मिळाली नसणार. त्यांना मिळाली ती जूनमधली पहाट आणि छत्तीसपैकी एकवीस.

पाचव्या डावात मी फक्त चिठ्ठी बदलली. चर सलग केला, सुरुंग जागेवर ठेवले. माणसं तीच, मनोबल तेच सात, फासे जमिनीवर पडले तर पडलेलेच. आठव्या पाळीअखेर दोन रणगाडे अलीकडे आले होते, ठाणी तिन्ही उभी होती. ह्याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पुठ्ठ्यावरची सोळा मिनिटं आहेत ती. खऱ्या हल्ल्यामागे दिवसभर येत राहणारी विमानं होती, आणि एक ठाणं टिकलं म्हणून बंदर टिकतंच असं नाही. पण माझा राग कुठे ठेवायचा, त्याची जागा मला कळली. मामाच्या बटालियनबद्दल मला वाटत होती ती शरम होती. सहानुभूती म्हणून मी ती पांघरत होतो.

सहावा डाव जुन्या चिठ्ठीने खेळलो, जसं घडलं तसा. फरक एवढाच की पलीकडच्या खुर्चीत मी पहिल्यांदा मन लावून बसलो. आधीच्या डावांत जर्मन बाजू खेळताना माझा हात नकळत आखडायचा. रणगाडा एखादं घर मागे राही, चांगली वाट सोडून धुरळ्याची वाट घेई. आपल्या माणसांना वाचवायचं म्हणून समोरच्याला मूर्ख करायचं, ही एकट्या खेळणाऱ्याची सर्वांत सूक्ष्म चोरी. फासा परत टाकण्याहून ती वाईट, कारण वहीत ती सापडत नाही. त्या दिवशी मी पलीकडून जीव तोडून हल्ला केला आणि अलीकडे येऊन जीव तोडून अडवला. मधलं ठाणं सातव्या पाळीपर्यंत टिकलं. तिथल्या नायकाने एकच तुकडी तीन वेळा सावरली. डावातला तो सर्वांत चांगला खेळ होता आणि तो हरणाऱ्या बाजूचा होता.

आठवी पाळी संपली तेव्हा दिवे गेलेले होते. मेणबत्ती लावली. शरण गेलेल्या सोंगट्या वेगळ्या करून डब्यात टाकायच्या होत्या, वहीत आकडा लिहायला. चिमट्याने एकेक उचलून टाकू लागलो. पत्र्यावर टक् आवाज व्हायचा, आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने मोजतो आहे. उनो. दुए. त्रे. क्वात्रो. चिंक्वे.

हात थांबला. माणसं रांगेत उभी करून सकाळ-संध्याकाळ हे आकडे कोणीतरी त्याच्यासमोर मोजले असणार, त्या तीन वर्षांत कितीतरी दिवस. पाचातला तो कितवा असायचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही मागून ओरडत होतो.

बायकोने आतून विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हटलं, मोजतोय. वहीत लिहिलं: 'डाव सहावा. तोब्रुक. काली पाचवी. कैद, सात तुकड्या.' शेरा म्हणून रकाना असतो तिथे लिहिलं: 'चर उपसलेला नव्हता.' खाली सही केली आणि डबा बंद केला.